पैसा कोणत्या तारखेला येतो?

तेलगावच्या चौकात माझं दुकान आहे. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे चढणारा रस्ता इथंच एकमेकांना छेदतात. हंगामात साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थेट दुकानासमोर लागते. आधी केबल होती, आता बरोबर फायबरचं इंटरनेटही आहे. गिऱ्हाईक महिन्याला पैसे भरतं, मी सेवा देतो. पंचवीस वर्षं हाच धंदा करतोय, म्हणून वसुली या विषयावर बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. डोक्यावर पांढरा टॉवेल, हातात औषधांची पिशवी. त्यांच्या घरचं नेट पुण्यात नोकरीला असलेला मुलगा भरतो. त्याच्या डेबिट कार्डावर पैसे आपोआप कापायची परवानगी दिलेली आहे, कंपनी दरमहा कापून घेते. गुरुजी बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग हळूच म्हणाले, "आठ दिस झाले, नेट बंदय. पोरगं कामून पैसे भरीना, तुम्हाला काही बोलला का?"

कंपनीच्या पोर्टलवर मी त्यांचं खातं उघडलं. सलग तीन वेळा 'पेमेंट नाकारले' अशी नोंद होती आणि चौथ्या दिवशी लाइन बंद केलेली होती. मुलाला फोन लावला. त्याला काहीच माहीत नव्हतं. जुन्या कार्डाची मुदत मार्चमध्ये संपली, बँकेनं नवं कार्ड पाठवलं, ते त्यानं पाकिटात ठेवलं आणि विसरला. कंपनीचे निरोप गेले होते ते एका जुन्या ईमेलवर, तेही इंग्रजीत. पाच मिनिटांत त्यानं पैसे भरले आणि नेट सुरू झालं. पण त्या आठ दिवसांत गुरुजींनी मुलाला एकदाही फोन केला नव्हता. पैशाचं कसं विचारायचं, या संकोचानं बाप गप्प बसला होता, आणि रोज रात्री नातीला बघायचा व्हिडिओ कॉल का होत नाही म्हणून तिकडं पोरगं गोंधळलं होतं.

एका कार्डाची मुदत संपली, एवढंच घडलं होतं. तरी आमच्या यंत्रणेच्या लेखी गुरुजी थकबाकीदार ठरले. मला भांडायचं आहे ते याच्याशी.

पैसे कापले गेले नाहीत याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात, आणि वसुली करणाऱ्यानं ते पहिल्याच दिवशी वेगळे केले पाहिजेत. एक नकार तात्पुरता असतो: खात्यात त्या दिवशी शिल्लक नाही, बँकेचा सर्व्हर बसलाय, दिवसाची मर्यादा संपलीय. दुसरा नकार पुन्हा पुन्हा धडका मारून सुटत नाही. मुदत संपलेलं कार्ड, हरवलं म्हणून बंद केलेलं कार्ड, बंद झालेलं खातं यात येतात. यातच आपल्या भागात फार भेटणारा एक प्रकार आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 सालच्या नियमानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, पण त्याचा ऑनलाइन वापर बंद असतो. तो खातेदारानं स्वतः चालू करायचा असतो. फसवणूक रोखायला नियम चांगला आहे. पण हे बँकेत कुणी समजावून सांगत नाही. माणूस कार्ड टाकतो, पैसे जात नाहीत, आणि तो म्हणतो, "भाऊ, खात्यात पैसे हायेत की, तरी घेईना." तो खरं बोलत असतो.

पहिल्या प्रकारात थांबायचं असतं, दुसऱ्या प्रकारात फोन करायचा असतो. यंत्र दोन्हीकडे एकच करतं. पुन्हा कापून बघतं, पुन्हा कापून बघतं, आणि मग लाइन तोडतं. यूपीआय ऑटोपेला तर आता 2025 पासून मोजून चार संधी आहेत, पहिला प्रयत्न आणि त्यानंतर तीन. त्या चारही संधी महिन्याच्या पहिल्याच दोन दिवसांत उडवल्या तर तिसऱ्या दिवशी खात्यात पगार येऊनही उपयोग काय?

ऑक्टोबर 2021 मी विसरणार नाही. आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्ड पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेनं 2019 मध्ये नियम केले होते. कापायच्या किमान 24 तास आधी गिऱ्हाइकाला कळवायचं, नको असेल तर थांबवायची सोय द्यायची, आणि ठरावीक रकमेच्या वर दरवेळी ओटीपी घ्यायचा. ऑक्टोबर 2021 मध्ये ती मर्यादा 5,000 रुपये होती, पुढं जून 2022 मध्ये 15,000 झाली. मुदतवाढ मिळाली आणि अखेर 1 ऑक्टोबर 2021 पासून नियम लागू झाले. देशभर जुन्या परवानग्या एका दिवसात निकामी झाल्या. माझ्या वहीत त्या महिन्यात, पैसे न आल्यामुळं, बावीस नावांभोवती लाल गोल पडले. त्यातलं एकही गिऱ्हाईक बुडवं नव्हतं. सगळ्यांना एकेक करून दुकानात बोलावून, मोबाइल हातात घेऊन, नव्यानं परवानगी नोंदवून घ्यावी लागली. दिवाळीपर्यंत तेच काम पुरलं. मला तोटा झाला, तरीही तो नियम बरोबर आहे असंच मी म्हणेन. माणसाच्या खात्यातून पैसे काढायच्या आधी त्याला सांगावं, ही साधी रीत आहे. फक्त ते सांगणं त्याला वाचता येईल अशा भाषेत असावं.

आधीची वसुली कशी होती ते सांगतो. केबलच्या काळात मी सायकलवर डायरी घेऊन घरोघर जायचो. महिना संपल्यावर पैसे मागायचे, मिळाले की पावती फाडायची, नाही मिळाले की नावापुढं बाकी लिहायची. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांना 130 रुपये अधिक जीएसटी, बाकीचे पैसे वेगळे. त्याबरोबर धंदा प्रीपेड झाला. मी वरच्या कंपनीकडं आधी पैसे भरायचे, मग गिऱ्हाइकाचा बॉक्स चालू राहणार. तारीख संपली की रात्री बारा वाजता पडदा काळा. उधारी बुडायची बंद झाली हे खरं आहे आणि त्याचा मला फायदा झाला हेही खरं. पण आधी मी ज्याच्या ओट्यावर बसून चहा पीत होतो, त्याच्या घरी काय चाललंय हे मला कळायचं. आता मला फक्त एक लाल खूण दिसते.

दुसऱ्या सेवांकडं बघा. महावितरणला वीज तोडायची असेल तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. विम्याचा वार्षिक हप्ता चुकला तर 30 दिवसांची सवलत मिळते, मासिक असेल तर 15 दिवसांची. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की माणसाचे पैसे दोन-चार दिवस मागंपुढं होतात. आज शेतकरी बाजारभाव नेटवर बघतो, पोरं परीक्षेचे फॉर्म नेटवर भरतात, बचत गटाची ताई बँकेची कामं नेटवर करते. मग याच सेवेला दोन दिवसांचीही सवलत का नसावी?

तेलगावात पैसा कधी येतो, हे पुण्या-मुंबईत बसून तारीख ठरवणाऱ्याला माहीत नसतं. त्याच्या डोक्यात पगार म्हणजे महिन्याची एक तारीख. इथं कारखान्यातल्या कारकुनाचा पगार वेगळ्या दिवशी, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा वेगळ्या दिवशी, आणि तोही पुष्कळदा लांबतो. दूध घालणाऱ्याचा हिशेब दहा-दहा दिवसांनी होतो. ऊस घालणाऱ्याला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत बिल मिळायला हवं, पण त्या 14 दिवसांवर विसंबून कुणी सोयरीक ठरवत नाही. कापसाचा पैसा दिवाळीच्या आगंमागं, सोयाबीनचा त्याच्या जरा आधी. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की त्या दिवशी चौकातल्या बँक मित्राकडं बायकांची रांग लागते. आणि ऊसतोड मजुराचा पैसा वर्षातून एकदाच येतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादमाकडून उचल मिळते. त्यातून जुनी देणी, लेकराची फी, किराणा भागवायचा आणि मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाऊन सहा महिने कोयता चालवून ती फेडायची. एप्रिल-मेमध्ये घरी येतात तेव्हा हातात फारसं काही नसतं.

म्हणून मी वहीत नावापुढं आता एक जादा रकाना आखलाय. नवं कनेक्शन देताना एकच प्रश्न विचारतो, "तुमच्याकडं पैसा कोणत्या तारखेला येतो?" सुरुवातीला लोक बिचकतात, त्यांना वाटतं मी उत्पन्न विचारतोय. समजावलं की सांगतात. दूधवाल्याला दहा दिवसांच्या हिशेबानंतरची तारीख, कारकुनाला पगारानंतरचा दुसरा दिवस. पैसे कापले गेले नाहीत तर त्या दिवशी मी काहीच करत नाही, फक्त नकाराचं कारण बघून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करतो. फोनवर पहिलं वाक्य पैशाचं नसतं. "तुमचं कार्ड बदललं का?" असं विचारतो. कारण 'पैसे भरा' म्हटलं की माणूस फोन उचलणं बंद करतो, आणि एकदा फोन उचलणं बंद झालं की गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा. चार-पाच दिवस लाइन मी माझ्या पैशानं चालू ठेवतो. सगळ्यांनाच हे परवडणार नाही, मलाही सगळ्यांसाठी परवडत नाही. पण हिशेब करून बघा. तुटलेलं गिऱ्हाईक परत जोडायचं तर माणूस खांबावर चढवावा लागतो, नवी वायर जाते, मोडेम परत आणलेलं असतं ते पुन्हा बसवावं लागतं, आणि तोवर त्या घरात दुसऱ्याची वायर आलेली असते. पाच दिवसांचं नेट त्या मानानं किती स्वस्त आहे!

कुणी म्हणेल, बुडवे असतातच की. असतात. माझ्या वहीत अशी नावं आहेत, त्यांनी मोडेमसुद्धा परत दिलं नाही. पण लाल गोल झालेल्या नावांतून खरे बुडवे शोधायला बसलो तर एका हाताची बोटं पुरतात. त्या मूठभरांसाठी सगळ्या गावाला बुडवं धरून यंत्र लावणं मला पटत नाही.

या भागातली फार जुनी वर्गणी कोणती असेल तर ती बलुत्याची. सुतारानं, लोहारानं, न्हाव्यानं वर्षभर काम करायचं आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. त्या पद्धतीत जातीची उतरंड होती, अपमान होता, आणि कुणाच्या पदरात किती टाकायचं हे देणाऱ्याच्या मर्जीवर होतं. ती परत यावी असं मला स्वप्नातही वाटत नाही. तरी एक गोष्ट त्यात धड होती. खळ्यावर धान्य नसताना कुणी बलुतं मागायला जात नव्हतं. किराणा दुकानदाराची 'सुगीवर देऊ' ही बोली त्यातलीच. आपण यंत्रं आणली, वेग आणला, आणि नेमकं हेच शहाणपण मागं टाकून आलो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. माझ्या दुकानामागच्या गल्लीत एक वहिनी राहतात. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जातात. त्यांनी बँकेत दोन विमे काढलेत. एक पंतप्रधान जीवन ज्योती, वर्षाला 436 रुपये, आणि एक सुरक्षा विमा, अपघाताचा, वर्षाला फक्त 20 रुपये. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. या योजनांचं वर्ष 1 जून ते 31 मे असं चालतं आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप कापला जातो. वहिनींनी तेवढ्यासाठी खात्यात पाचशे रुपये राखून ठेवले होते, त्याला हात लावला नव्हता.

घरात हप्त्यावर घेतलेली मोटरसायकल होती. मे महिन्यात तिचा हप्ता कापायला आला तेव्हा पुरेशी शिल्लक नव्हती, हप्ता परत गेला. हप्ता परत गेला म्हणून बँकेनं दंड लावला, त्यावर जीएसटी लावला, आणि तो दंड त्या पाचशेतून कापून घेतला. पुढच्या आठवड्यात विम्याचे 436 मागायला यंत्र आलं तेव्हा खात्यात तेवढेही उरले नव्हते. कुणाचा फोन नाही, समजेल असा निरोप नाही. वहिनींना कळलं ऑगस्टमध्ये, पासबुक छापून आणलं तेव्हा. त्या ते घेऊन माझ्याकडं आल्या, कारण मला इंग्रजी वाचता येतं. दुकानाच्या काउंटरवर पासबुक उघडून त्या एकेका ओळीवर बोट ठेवत होत्या. बोटाला कोयत्याची जुनी खूण. "हे कशाचे? हे कशाचे?" मी वाचत गेलो. परतीचा दंड, त्यावरचा कर, पुन्हा एकदा दंड. विम्याची ओळ नव्हती. "मंग आमचा विमा?" एवढंच त्यांनी विचारलं.

नवीन विमा लगेच काढता येतो, पण जीवन ज्योतीत पुन्हा नव्यानं नाव घातलं की पहिले 30 दिवस अपघात सोडून इतर कारणानं मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. म्हणजे पाच वर्षं नेमानं भरलेलं माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. आणि हे कुणाच्या बाबतीत होतं? रात्री-अपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीवर झोपून प्रवास करणाऱ्यांच्या, विंचूकाट्यातून फडात वाकणाऱ्यांच्या. त्यांच्यासाठीच तर ही योजना 9 मे 2015 ला सुरू झाली असं सांगितलं गेलं.

त्यातच वसुलीवाल्याचा फोन आला होता की मोटरसायकलचा हप्ता परत गेला म्हणजे गुन्हा आहे, जेल होईल. 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात कलम 25 आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, हे खरं. पण त्याच कलमात लिहिलंय की आधी लेखी नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस द्यायचे. फोनवर हा अर्धा भाग कुणी वाचून दाखवत नाही. वहिनी घाबरून दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

माझं मागणं मोठं नाही. दंड कापताना बँकेनं विम्याच्या हप्त्याएवढी रक्कम खात्यात सोडावी. 436 आणि 20, मिळून 456 रुपये, त्याला हात लावू नये. एकाच महिन्यात एकाच हप्त्यासाठी दोनदा-तीनदा खातं ठोठावून प्रत्येक वेळी दंड घेणं बंद व्हावं. पैसे कापण्याआधीचा आणि नकारानंतरचा निरोप मराठीत यावा, आणि त्यात नकाराचं कारण लिहिलेलं असावं: शिल्लक नाही, की कार्ड संपलं, की ऑनलाइन वापर बंद आहे. ऊसतोड कामगारांचा विम्याचा हप्ता उचलीच्या वेळी, म्हणजे हातात पैसा असताना, पुढच्या वर्षासाठी भरून घ्यायची सोय व्हावी. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कुणाचा विमा मेमध्ये सुटला याची यादी बँकांकडून जूनमध्ये मागवून घेणं त्यांना अवघड नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींमार्फत त्या घरांत निरोप गेला तरी पुष्कळ होईल. आणि माझ्यासारख्यांना जी कंपनी वरून सेवा देते, तिनं लाइन तोडण्याआधी निदान तीन दिवस गावातल्या माणसाला बोलू द्यावं. गिऱ्हाइकाला आम्ही ओळखतो, ते ओळखत नाहीत.

वहिनींचा विमा आम्ही दुसऱ्याच दिवशी नव्यानं भरला. हंगामाला जायला तेव्हा दोन महिने होते, म्हणजे 30 दिवस इथंच संपले, हे बरं झालं. मोटरसायकलच्या हप्त्याची तारीख बदलून घ्यायला दोन चकरा माराव्या लागल्या, पण बदलून मिळाली.

यंदा वहीच्या शेवटच्या पानावर मी गल्लीतल्या अकरा घरांची नावं लिहून ठेवलीत. त्यातल्या सात जणांकडं माझं कनेक्शनही नाही. प्रत्येक नावापुढं एकच तारीख आहे, 20 मे. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करायचा आणि खात्यात 456 रुपये आहेत का, एवढं विचारायचं.